विश्लेषण : ग्राफिक्स कार्ड ८३ अंशांवर... जादा पंखा हवा की नुसती धूळ झटकायची?

एप्रिल-मे उजाडला की गेम खेळणारे, व्हिडीओ एडिट करणारे आणि रात्री थ्रीडी रेंडर लावून झोपणारे अशा सगळ्यांना स्क्रीनच्या कोपऱ्यातला एक आकडा खुपू लागतो. हिवाळ्यात ६८ अंशांवर असलेले ग्राफिक्स कार्ड ८२-८३ अंशांवर जाते. दुकानात विचारले तर उत्तर ठरलेले : चार आरजीबी पंखे टाका, नाही तर लिक्विड कूलर बसवा. यातला बराचसा खर्च अनाठायी असतो.

किती तापमान म्हणजे जास्त?

८३ अंश सेल्सियस हा आकडा माणसाला घाबरवतो, चिपला नाही. एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० साठी कमाल तापमान ९३ अंश, तर आरटीएक्स ४०६० साठी ९० अंश दिले आहे. मर्यादा आली की कार्ड स्वतःच क्लॉक स्पीड कमी करते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. एएमडीच्या कार्डांत चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे, म्हणजे जंक्शनचे तापमानही दिसते. २०१९ मध्ये आरएक्स ५७०० एक्सटी आले तेव्हा ११० अंशांपर्यंतचे जंक्शन तापमान अपेक्षितच असल्याचे कंपनीने सांगितले होते. त्यामुळे मित्राच्या कार्डाचा आकडा पाहून स्वतःच्या कार्डाची काळजी करण्यात अर्थ नाही.

शिवाय कार्डाचे पंखे खोलीतलीच हवा फिरवतात. पंख्यांचा वेग तोच असेल, तर खोली जितके अंश तापते साधारण तितकेच अंश कार्डही तापते. नागपूर किंवा चंद्रपूरला जानेवारीत खोलीत २४ अंश आणि मे महिन्यात ३८ अंश असतील, तर ६८ चे ८२ होणारच. हा बिघाड नव्हे, उन्हाळा आहे.

मग ठरवायचे कसे?

तापमानाकडे नव्हे, क्लॉक स्पीडकडे पाहून. नेहमीचा जड गेम किंवा रेंडर अर्धा तास चालू ठेवावा आणि जीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘परफकॅप रीझन’ ही ओळ पाहावी. तिथे पॉवर किंवा व्होल्टेज हे कारण दिसणे नेहमीचेच. ‘थर्मल’ हे कारण टिकून राहिले आणि क्लॉक घसरत गेला, तरच थंडाव्याचा प्रश्न खरा.

तरीही लगेच पंखा घेऊ नये. कॅबिनेटची बाजूची झडप काढून तीच चाचणी पुन्हा करावी. तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर कॅबिनेटला पुरेशी हवा मिळत नाही. पुढून हवा आत ओढणारा एखादा पंखा इथे कामी येतो आणि तो काही शे रुपयांत मिळतो. (पुढची बाजू बंद काचेची असेल, तर मागे कितीही रंगीत पंखे लावा, हवा येणार कुठून?) फरक जेमतेम एक-दोन अंशांचा असेल, तर दोष कार्डाच्याच हीटसिंकमध्ये आहे : साचलेली धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा निर्मितीतील चूक. आरएक्स ७९०० एक्सटीएक्सच्या काही कार्डांत व्हेपर चेंबरमध्ये पुरेसे पाणीच नव्हते, हे एएमडीने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले. तिथे बाहेरून दहा पंखे लावून काय होणार होते? अशा वेळी वॉरंटीचा दावा करावा, आणि वॉरंटी शिल्लक असताना अटी वाचल्याशिवाय कार्ड उघडू नये.

प्रोसेसरच्या लिक्विड कूलरने ग्राफिक्स कार्ड थंड होत नाही, हेही विकणारे क्वचितच सांगतात. रेडिएटर पुढे बसवला तर त्याची गरम हवा उलट कार्डावरच येते.

फुकटातला उपाय

आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट १०० वरून ८० टक्के केली, की तापमान चांगलेच उतरते आणि वेग त्या मानाने फार थोडा घटतो. विदर्भात, मराठवाड्यात उन्हाळ्यापुरता हा बदल प्रत्येकाने करून पाहायला हवा. कारण कार्ड जितकी वीज घेते, ती जवळपास सगळी उष्णता होऊन खोलीतच येते. आरटीएक्स ४०६० ची मर्यादा ११५ वॉट आहे, ४०९० ची ४५० वॉट. ही उष्णता पंखा कॅबिनेटमधून बाहेर काढतो, खोलीतून नाही. त्यासाठी खिडकीच उघडावी लागते, तीही ऊन उतरल्यावर.