मोरीच्या पाण्यावरची कर्दळ



आपल्यापैकी पुष्कळजणींच्या माहेरी परसदारी मोरीचं पाणी जिथे पडायचं, तिथे अळू असायचं, एखादी केळ असायची, नाहीतर लाल-पिवळी कर्दळ. भांड्यांचं, आंघोळीचं पाणी तिथेच जिरायचं. चिखल साचायचा नाही, आणि श्रावणात अळूची पानं शेजारीपाजारीही जायची. पाणी लांबून डोक्यावर आणावं लागतं तेव्हा ते एकदा वापरून फेकून द्यायला हात धजत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. (परसदार असण्याचं भाग्य सगळ्याच जातींच्या बायकांना नव्हतं, हेही इथेच नोंदवायला हवं.)

आता या कर्दळीला मोठं नाव मिळालं आहे. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांनी जागतिक जल अहवालाचा विषयच ‘निसर्गाधारित उपाय’ असा ठेवला, आणि तेव्हापासून शहरांच्या आराखड्यांत हे शब्द वारंवार दिसू लागले. सांडपाणी झाडांच्या मुळांतून, मातीतून, तळ्यांतून शुद्ध करायचं आणि त्याच पाण्यावर शहर हिरवं करायचं. कल्पना चांगली आहे. आमचा तिला विरोध नाही, हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसा समज होण्याची शक्यता आहे.

मी ज्या वस्तीत काम करते ती एका नाल्याच्या काठावर आहे. पलीकडे सार्वजनिक बाग. मे महिन्यात वस्तीतल्या बाया पहाटे तीनला उठून नळावर हंडे लावतात आणि सकाळी आठ वाजता त्याच बागेतल्या हिरवळीवर पाइपानं पाणी मारलेलं बघतात. ते पाणी पिण्याच्या लाइनीतलं असतं. गेल्या वर्षी या नाल्याच्या ‘पुनरुज्जीवना’चं सादरीकरण झालं. पडद्यावर सुरेख चित्र होतं: काठानं बोरू आणि कर्दळीचे वाफे, स्वच्छ पाणी, बाकडी, सायकलची वाट. आमच्याबरोबर आलेल्या एक मावशी बराच वेळ ते बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “साहेब, ह्यात आमची घरं कुठं हायत?” साहेबांनी पुढचं चित्र लावलं.

या प्रश्नामुळेच हे संपादकीय लिहायला घेतलं.

आधी तंत्र समजून घेऊ. ते अवघड नाही आणि ते आपल्याला कळतच नाही असं समजून कुणी आपल्याला गप्प बसवू नये. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संशोधन संस्थेनं ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली आहे. सांडपाणी आधी एका टाकीत निवळतं, गाळ खाली बसतो. मग ते खडीनं भरलेल्या हौदातून संथपणे वाहतं. खडीत कर्दळ, पाणकणीस, बोरू अशी झाडं लावलेली असतात. घाण खातात ते खडीवर आणि मुळांवर वाढणारे जिवाणू. झाडं त्यांना मुळांवाटे थोडा प्राणवायू पुरवतात आणि पाण्यातलं खत स्वतः शोषून घेतात. पाणी खडीच्या पृष्ठभागाखालून जातं, त्यामुळे नीट राखलं तर डास होत नाहीत. वीज जवळजवळ लागत नाही. मिळालेलं पाणी प्यायचं नसतं. बागेला, संडासात ओतायला, बांधकामाला मात्र ते चालतं. कारखान्याचं रसायनमिश्रित पाणी त्यात सोडलं तर सगळंच बिघडतं, कारण शिशासारखे धातू नाहीसे होत नाहीत, गाळात आणि मुळांत साठून राहतात.

याची गरज किती आहे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं ते २० हजारांच्या आसपास. उरलेलं नदीत, नाल्यात, म्हणजे नाल्याकाठी राहणाऱ्यांच्या दारात. आणि हे सांडपाणी करतं कोण? केंद्र सरकारच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत गटारजोड असलेल्या शहरी घरांसाठी माणशी १३५ लिटर पाणी धरलं होतं, सार्वजनिक नळावर अवलंबून असणाऱ्यांसाठी ४० लिटर. विषमता अशी नियमातच लिहिलेली. वापरलेल्या पाण्याचा साधारण ८० टक्के भाग सांडपाणी होतो असं मानतात. म्हणजे ५०० फ्लॅटच्या एका सोसायटीतून, घरी चार माणसं धरली तर, रोज दोन लाख लिटरहून अधिक पाणी गटारात जातं. ते तिथेच शुद्ध करून बागांना आणि फ्लशला दिलं तर तितकं पिण्याचं पाणी वाचेल. पण ते वाचलेलं पाणी वस्तीच्या नळाला येईल, की आणखी एका टॉवरला? हे आराखड्यात लिहिलेलं नसतं. मुंबईत पाणी हक्क समितीला २०१४ साली उच्च न्यायालयातून मिळवावं लागलं की अनधिकृत ठरवलेल्या झोपडीतल्या माणसालाही पाण्याचा हक्क आहे. वाचलेलं पाणी आपोआप खालपर्यंत झिरपत नाही.

या तंत्राला यंत्रापेक्षा जागा जास्त लागते, आणि खरी मेख तिथे आहे. नाल्याकाठची, तळ्याकाठची जागा कुणाच्या पायाखाली आहे? जिला शहरात दुसरीकडे कुठेच जागा मिळाली नाही तिच्या. पूर्वी रस्त्यासाठी वस्ती उठायची, आता झाडांसाठी उठवतील. झाडांच्या विरोधात बोलणारी बाई सगळ्यांनाच अडाणी वाटते, म्हणून हे जास्त कठीण आहे.

हे असंच व्हायला हवं असं मात्र नाही. कोलकात्याकडे बघा. शहराच्या पूर्वेला सुमारे साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ जमीन आहे. शहराचं सांडपाणी कालव्यांतून तिथल्या उथळ तळ्यांत जातं. या तळ्यांना तिकडे भेरी म्हणतात. उन्हानं शेवाळ वाढतं, जिवाणू घाण संपवतात, शेवाळ मासे खातात, मासे शहर खातं. जवळच्या धापा भागात कचऱ्याच्या खतावर भाजी पिकते. हे कुठल्या सल्लागार कंपनीनं आखलं नव्हतं. मासेमारांनी आणि शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अंदाज घेत, चुकत, सुधारत ते बसवलं. कधी पाणी आत घ्यायचं, किती दिवस ठेवायचं, काठाला जलपर्णी किती राखायची, हे ज्ञान त्यांच्या हातात आहे. ध्रुवज्योती घोष या सरकारी अभियंत्यानं ते समजून घेतलं, मांडलं आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत त्यासाठी भांडत राहिला. १९९२ साली उच्च न्यायालयानं तिथे भराव घालण्याला आळा घातला, २००२ मध्ये ही जागा रामसर यादीत आली, २००६ मध्ये वेगळा कायदा झाला. बिल्डरांचा डोळा तरीही आहेच. पण मुद्दा हा की तिथे माणसं हटवली तर शुद्धीकरणच थांबेल. कष्टकरी माणूस हा त्या यंत्रणेचा भाग आहे, तिच्या वाटेतली अडचण नाही. आपल्या नाल्याकाठी हे का होऊ नये?

आणखी एक गोष्ट. हे हौद आपोआप चालत नाहीत. खडीत प्लॅस्टिक अडकतं, झाडं कापावी लागतात, पहिल्या टाकीतला गाळ काढावा लागतो. कागदावर या कामापुढे ‘लोकसहभाग’ असं लिहिलेलं असतं. लोकसहभाग म्हणजे बचत गटाच्या बायांनी फुकट किंवा मानधनावर करायचं काम, हे आपण अंगणवाडीपासून बघत आलो आहोत. आणि गाळ काढायला कुठल्या जातीच्या माणसाला बोलावतील हे वेगळं सांगायला नको. २०१३ च्या कायद्यानं मैला हातानं उचलायला लावणं आणि माणसाला धोकादायक गटारात, टाकीत उतरवणं हा गुन्हा ठरवला आहे. टाकीभोवती फुलझाडं लावल्यानं कायदा बदलत नाही.

हे बोलायचं कुठे? राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. पण अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि नंतर काही वर्षं कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. नाल्यांचे आणि नद्यांचे कितीतरी आराखडे त्याच काळात पुढे सरकले, बाईनं हात वर करून प्रश्न विचारण्याची सभाच भरत नसताना. आता ते आराखडे मागवून बघायला हवेत.

आमच्या वस्तीत आम्ही माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागितल्या आहेत: आराखड्याचा वस्तीच्या सीमेसह नकाशा, शुद्ध झालेलं पाणी कुणाला जाणार आणि त्यामुळे पिण्याचं किती पाणी कुठे वळणार याचा हिशेब, आणि देखभालीसाठी किती पगारी जागा धरल्या आहेत तो आकडा. बायांनी स्वतःचा नकाशाही काढला आहे, खडूनं, समाजमंदिराच्या फरशीवर. त्यात घरं आहेत, नळ आहे, संडास आहे आणि नाल्याच्या वळणावर रिकाम्या तुकड्यात कर्दळीचा हौदही आहे. त्या मावशींनीच तो दाखवला. पावसाचं पाणी तिथे किती चढतं हे त्यांना तीस वर्षांचं माहीत आहे.

तुमच्या गावात, शहरात नदीकाठ, नाला, तळं यांच्या सुशोभीकरणाचं काही चाललं असेल, तर कळवा. वस्तीच्या बैठकीत काय बोलणं झालं, अधिकाऱ्यांनी काय उत्तर दिलं, काय दिलं नाही, ते सविस्तर लिहा. मोरीच्या पाण्यावर कुणी काय पिकवत असेल तर तेही लिहा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.