पिंपरीची पुडी

अंजनगाव सुर्जी म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला ३० डिसेंबर १८०३ चा तह आठवतो: दौलतराव शिंदे, आर्थर वेलस्ली आणि पंधराच दिवसांपूर्वी पडलेला गाविलगड. वऱ्हाडातील कृषी केंद्रांत वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या एका पुडीचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही.

ती पुडी स्ट्रेप्टोसायक्लिनची. स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण. ते बनवणारी पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभी राहिली, ती पेनिसिलिन देशातच तयार व्हावे म्हणून. पुढे तिचे औषध कपाशीच्या जिवाणूजन्य करप्यावर आणि लिंबाच्या खैऱ्यावर फवारले जाऊ लागले. क्षयरोग्याला टोचतात तेच हे स्ट्रेप्टोमायसिन. फवाऱ्यातून वाचलेले जिवाणू वाढतात आणि प्रतिकाराची जनुके परक्या जातीच्या जिवाणूंनाही देऊ शकतात.

असा प्रतिकार मोडायला काय लागते? एरिथ्रोमायसिनचे उदाहरण घ्यावे. हे औषध जिवाणूच्या रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या यंत्रात, बसून नव्या प्रथिनाची बाहेर पडण्याची वाट अडवते. प्रतिकारक जिवाणू नेमक्या त्या जागी मिथाइल गट चिकटवतो आणि औषधाची पकड सुटते. रसायनशास्त्रज्ञांनी मग रेणूच बदलला. ज्या शर्करेमुळे काही जिवाणूंची ही यंत्रणा जागी होत असे, ती काढून तेथे कीटोन गट बसवला; शिवाय रायबोसोमवर दुसऱ्या ठिकाणी पकड घेणारी एक शाखा जोडली. पहिली पकड सैल झाली तरी दुसरी धरून ठेवते.

मुंबईच्या वोखार्टचे नॅफिथ्रोमायसिन याच कुळातले. सरकारी बायरॅकच्या साहाय्याने घडलेले हे न्यूमोनियाचे औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. सरकारी निवेदनानुसार त्यामागे १४ वर्षे आणि ५०० कोटी रुपये आहेत. ('पहिले स्वदेशी प्रतिजैविक' हा गाजावाजा जरा जपूनच ऐकावा, बुरशीविरोधी हमायसिन पिंपरीतच कित्येक दशके आधी सापडले होते.)

औषधे वेगळी, जिवाणूंचा नियम एकच. एक रेणू बदलायला १४ वर्षे लागत असतील, तर जुने रेणू रानात उधळणे परवडणारे नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने या मिश्रणावरील बंदीच्या आदेशाचा मसुदा काढला, तो योग्यच होता. पण दोष एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारता येत नाही. पुडी सरकारी कारखान्याची होती. खैऱ्यावर ताम्रयुक्त औषध कधी आणि किती फवारायचे, रोगट फांद्या केव्हा छाटायच्या, हे अंजनगावच्या बागेपर्यंत पोहोचवणे हेही सरकारचेच काम आहे.