गांजा ओढताना सापडलेला पोरगा, कोर्टातली ‘पावती’ आणि भरतीचा फॉर्म

बसस्टँडच्या मागे, बंद पडलेल्या जिनिंगच्या आडोशाला किंवा कॅनॉलच्या पुलाखाली तीन-चार पोरं चिलीम ओढताना सापडतात. पोलिस त्यांना गाडीत घालतात, डॉक्टरांकडे नेतात, तपासणी होते. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर चार ओळींची बातमी येते, ‘गांजा सेवन करणाऱ्यांवर कारवाई’. पुढे काय झाले याची बातमी सहसा येत नाही. कोर्टाची तारीख लागते. घरचे म्हणतात, वकील कशाला, कबूल करून टाक अन् मोकळा हो. पोरगा कबूल करतो, दंड भरतो आणि घरी येतो. विनाहेल्मेटची पावती फाडावी तसा विषय मिटला, असे सगळ्यांना वाटते.

पण ती पावती नसते. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषी ठरणे. त्यानंतर दोन वर्षांनी तोच पोरगा पोलिस भरतीच्या मैदानात उतरतो, ग्राउंड काढतो, लेखी काढतो आणि चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मपाशी अडकतो. कधी गुन्हा दाखल झाला होता का, कधी शिक्षा झाली होती का, असे त्यात विचारलेले असते. खरे लिहिले तर निवड अडचणीत. लपवले तर लपवल्याबद्दल लागलेली नोकरीही जाऊ शकते. पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर धावणारी पोरं ज्या तालुक्यात गावागावात आहेत, तिथे हा प्रश्न मुंबईच्या पार्टीवाल्यांचा राहत नाही. स्वतःपुरता गांजा ओढणाऱ्याला गुन्हेगार ठरवावे का, याचे उत्तर गावालाही द्यावे लागेल.

कायदा नेमका काय म्हणतो

१९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्यात ओढणारा, बाळगणारा आणि लावणारा यांच्यासाठी वेगवेगळी कलमे आहेत. गांजा ओढला तर कलम २७. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खिशात पुडी सापडली तर कलम २०. त्यात एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ धरला जातो आणि शिक्षा एक वर्षापर्यंत. एक किलोच्या वर आणि २० किलोच्या आत असेल तर दहा वर्षांपर्यंत. २० किलोच्या वरचे ‘व्यावसायिक प्रमाण’. तिथे किमान दहा आणि जास्तीत जास्त २० वर्षे सक्तमजुरी, आणि जामीन मिळणे महाकठीण.

चिलीम हातात असताना पकडला की कलम २७ आणि पुडी खिशात असताना पकडला की कलम २०, इतका बारीक हा फरक आहे. ओढणाऱ्याकडे पुडी असणारच, त्यामुळे कोणते कलम लागेल हे बऱ्याचदा पंचनामा कसा लिहिला यावर ठरते. त्यात आणखी एक भर. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या प्रकरणात सांगितले की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत. म्हणजे अल्प प्रमाणातही जामीन ठाण्यातून हक्काने मिळत नाही, कोर्टापुढे जावे लागते.

परसातले एक झाड

शहरात गांजाची चर्चा पुडीची असते. गावात ती झाडाचीही असते, आणि कायदा तिथे सगळ्यात विचित्र वागतो. गांजाचे झाड लावण्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. यात ‘अल्प प्रमाण’ नावाची पायरीच नाही. परसात स्वतःच्या चिलमीपुरते एक झाड लावणारा म्हातारा आणि कपाशीच्या ओळींत लपवून पाचशे झाडे लावणारा, दोघांनाही तेच कलम. बाजारातून अर्धा किलो गांजा आणून घरात ठेवला तर जास्तीत जास्त एक वर्ष, आणि परसात एक झाड वाढवले तर दहा वर्षांपर्यंत. विकणाऱ्याच्या साखळीत पैसे घालणारा हलक्यात सुटतो आणि साखळीबाहेरचा जड कलमात जातो. न्यायाधीश शिक्षा कमी देऊ शकतात हे खरे, पण खटला तर चालणारच.

झाड आपण लावले नाही, बांधावर आपोआप उगवले, असे शेतकरी म्हणाला तरी प्रश्न सुटत नाही. कसत असलेल्या जमिनीवर झाड मिळाले तर कायदा आधी त्याच्यावरच बोट ठेवतो. ‘माझे नाही’ हे दाखवायची जबाबदारी त्याची. बटईने जमीन दिलेल्या मालकांनीही हे ध्यानात ठेवलेले बरे. आपल्या जमिनीवर गांजा आहे हे कळल्यावर लगेच कळवणे मालकाला बंधनकारक आहे. तसेच ते सरपंच, पंच आणि गावपातळीवरच्या प्रत्येक अधिकाऱ्यालाही बंधनकारक आहे, आणि टाळाटाळ केली तर शिक्षा होऊ शकते. किती सरपंचांना हे माहीत असेल, देव जाणे.

वजनाचा घोळ वेगळाच. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बी त्यात धरत नाहीत. पण धाडीच्या बातम्यांत अनेकदा मुळापासून उपटलेल्या ओल्या झाडांचे वजन दिलेले असते. २० किलोचा आकडा ओलांडायला मग ओली, उंच झाडे फार लागत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये शेंडे नसलेला हिरवा पाला गांजाच्या व्याख्येत बसत नाही, या मुद्द्यावर जामीन दिलेला आहे. पण तो मुद्दा मांडायला वकील लागतो, आणि उच्च न्यायालयापर्यंत जायला पैसा.

याचा अर्थ लागवडीवर कारवाई नको, असा कोणी घेऊ नये. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पोलिसांनी नष्ट केलेले गांजाचे फड हे कोणाच्या चिलमीपुरते नव्हते. तो धंदा आहे, त्यात मोठे व्यापारी आहेत, आणि पकडला जातो तो बहुतेकदा राखण करणारा मजूर. तिथे कायदा कडक असायलाच हवा.

आधी असे नव्हते

आपल्याकडे गांजा कायम गुन्हा होता, असा समज आहे. १९८५ च्या आधी देशात अनेक ठिकाणी सरकारी परवान्याच्या दुकानात तो मिळत असे. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये यासाठी खास आयोग नेमला होता. त्याने शेकडो साक्षी घेऊन निष्कर्ष काढला की बेताचे सेवन फारसे घातक नाही, अतिसेवन घातक आहे, आणि सरसकट बंदीपेक्षा कर आणि नियंत्रण बरे. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि त्या वाटेने १९८५ चा कायदा आला. भांग मात्र त्यातून सुटली, कारण ती पानांची. म्हणून राजस्थान, उत्तर प्रदेशात आजही परवान्याची भांगेची दुकाने आहेत. महाराष्ट्रात तसे नाही. इथे दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्याने भांगही परवान्याशिवाय चालत नाही. त्याच झाडाचे पान एका राज्यात दुकानात मिळते, दुसऱ्या राज्यात ठाण्यात नेते, आणि शेंडा सगळीकडे तुरुंगात.

पकडले कोण जाते

केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख लोक होते. त्यातले गांजा-चरसवाले सुमारे १ कोटी ३० लाख. उपचाराची गरज असलेले सुमारे ७२ लाख. एवढ्या लोकांना पकडायचे तर तुरुंगच काय, मंगल कार्यालयेही पुरणार नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षात निवड होते. पकडला जातो तो उघड्यावर ओढणारा, कारण त्याला बंद खोली नाही. ऊसतोडीच्या कोपीवरचा, वीटभट्टीवरचा, हमाल, ट्रकचा क्लीनर. फ्लॅटमध्ये ओढणारा इंजिनिअर क्वचितच. मुंबईच्या कोर्टांतल्या दहा हजारांहून जास्त प्रकरणांचा कायद्याच्या अभ्यासकांनी धांडोळा घेतला तेव्हाही हेच दिसले. प्रकरणे बहुतांश सेवनाची, आरोपी बहुतांश गरीब, आणि शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केलेला.

पोलिसांची बाजूही आहे. ओढणाऱ्याला धरले की त्याच्याकडून विकणाऱ्याचे नाव मिळते, असे ते सांगतात. कधी मिळतेही. पण ओढणारा साक्षीदार म्हणून जास्त कामाचा की आरोपी म्हणून? आरोपी झालेला माणूस तोंड मिटून घेतो. आणि विकणारा गावात कोण आहे, हे ठाण्याला कळायला चिलीमवाल्याची गरज पडते, हेही जरा ऐकायला गंमतशीर वाटते.

आयांचे म्हणणे

सगळ्यात वजनदार विरोध पोलिसांचा नाही, घरच्या बायांचा आहे. आधीच दारूने घरे खाल्ली, आता गांजाला सूट देता का, हा त्यांचा सवाल. शिक्षकही म्हणतात, नववी-दहावीची पोरं बिघडत आहेत. हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. कोवळ्या वयात नियमित गांजा ओढणाऱ्यांमध्ये भ्रम, संशय, गंभीर मानसिक आजाराचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने वारंवार दाखवले आहे. घरात आधीच मानसिक आजार असेल तर धोका आणखी. ओढून गाडी किंवा ट्रॅक्टर चालवणारा दुसऱ्याच्या जिवावर उठतो.

पण त्याच माऊलीला विचारावे की स्वतःचा पोरगा सापडला तर काय हवे, लॉकअप की डॉक्टर? विकणाऱ्याला आत टाका आणि माझ्या पोराला सुधरवा, असेच ती म्हणेल. कायद्यात मात्र ते उलटे पडले आहे.

कायद्यात उपचाराची वाट आहे. कलम ६४-अ म्हणते, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेणार असेल तर त्याच्यावर खटला चालणार नाही. कलम ३९ प्रमाणे दोषी ठरल्यावरही कोर्ट त्याला उपचारासाठी सोडू शकते. पण दोन्ही कलमांत शब्द ‘व्यसनी’ आहे, आणि व्यसनी म्हणजे ज्याला त्या पदार्थावाचून राहवत नाही तो. यात्रेत मित्रांनी दिली म्हणून एकदा चिलीम ओढणारा पोरगा व्यसनी नाही, म्हणून त्याला ही वाट बंद. जो जास्त ओढतो त्याला सवलत आणि जो एकदा ओढतो त्याला खटला! आणि ज्याला सवलत आहे त्याने जायचे कुठे? पुण्यात मुक्तांगणसारखी जुनी संस्था आहे. तालुक्याच्या ठिकाणी काय आहे, ते ज्याचे त्याने आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन बघावे.

बंदीने व्यसन सुटते का, हे चंद्रपूरने पाहिले आहे. २०१५ मध्ये तिथे दारूबंदी झाली, २०२१ मध्ये सरकारनेच उठवली. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, हे टपरीवर उभे राहून सांगून बघावे.

बाहेरच्या देशांत दोन्ही टोके दिसतात. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरते बाळगणाऱ्याला फौजदारी कोर्टाऐवजी डॉक्टर-समाजसेवकांच्या समितीपुढे पाठवायला सुरुवात केली, विक्री मात्र गुन्हाच ठेवली. जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना घरात तीन झाडांची मुभा दिली. थायलंडने २०२२ मध्ये दार सताड उघडले, गल्लोगल्ली दुकाने झाली आणि २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालून ते पुन्हा ओढून घ्यावे लागले. आपल्याला थायलंड परवडणारा नाही. पोर्तुगालची वाट जमण्यासारखी आहे. विकणाऱ्याला आणि अल्पवयीनांना देणाऱ्याला फौजदारी, उघड्यावर ओढणाऱ्याला दंड पण दोषी असा शिक्का नको, व्यसनीला उपचार, आणि परसातल्या एक-दोन झाडांसाठी वेगळी, हलकी पायरी.

हे काही आभाळातून पडलेले म्हणणे नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानेच २०२१ मध्ये अल्प प्रमाणात बाळगणाऱ्यांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळवावे, अशी शिफारस केल्याच्या बातम्या होत्या. मुंबईच्या क्रूझ प्रकरणात सिनेस्टारच्या मुलाला अटक झाली तेव्हा ती चर्चा जोरात होती. त्या मुलाविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याने २०२२ मध्ये त्याचे नाव आरोपपत्रात आलेच नाही, आणि चर्चाही विरली. सेवनाचे कलम आहे तसेच आहे.

ते बदलेपर्यंत घरात असा प्रसंग आलाच, तर कबूल करून मोकळे व्हायच्या आधी तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत जावे. कोठडीत असलेल्या कोणालाही, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फक्त कलम २७ चा गुन्हा असेल तर परिवीक्षा कायद्याचा लाभ मागता येतो. म्हणजे कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडू शकते, आणि तसे सोडले तर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. कलम २० लागले असेल तर, वय १८ च्या आत असल्याशिवाय, हा लाभ नाही. म्हणून कोणते कलम लावले आहे हे आधी वाचून घ्यावे. व्यसन सोडवण्यासाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा मोफत क्रमांक आहे.