डोहाळ्यांच्या आधीची मळमळ

डोहाळजेवणात नौकेची आरास करण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. पुठ्ठ्याची होडी, तिला फुलांच्या माळा, आणि मधोमध हिरव्या साडीतली, फुलांचे दागिने ल्यालेली सातव्या महिन्याची गर्भवती. भाईंदर पश्चिमेच्या टोकाला, उत्तनला लागून असलेल्या पाली या मच्छीमारांच्या गावात होड्या खऱ्या आहेत. डोल जाळ्यांत सापडलेले बोंबील तिथे बांबूच्या वलांड्यांवर जोडीजोडीने अडकवून वाळत घालतात, आणि हे काम बहुतांशी बायकांचे असते. वलांड्या भरल्या की वाऱ्याबरोबर तो वास घराघरांत शिरतो. गावाला तो जाणवतही नाही. तो पोटापाण्याचा वास आहे. पण जिला नुकताच दुसरा महिना लागला आहे, तिचे काय होत असेल? कालपर्यंत ज्या वासात ती वाढली, त्याच वासाने आज तिच्या पोटात ढवळून येते. तिने कोणाला सांगितलेले नसते आणि कोणी विचारलेलेही नसते. तिच्यासाठी त्या दिवसांत कोणी होडी सजवत नाही.

मला या लेखात जे म्हणायचे आहे ते एवढेच, की गर्भवतीच्या इच्छेचे कौतुक करण्यात आपली संस्कृती जितकी पुढे आहे, तितकीच तिच्या त्रासाची दखल घेण्यात मागे आहे. आणि हे कौतुकच त्या त्रासावरचे पांघरूण झाले आहे.

याचा पुरावा 'डोहाळा' या शब्दातच सापडतो. संस्कृत 'दोहद' या शब्दाशी त्याचे नाते आहे हे सर्वमान्य आहे. पण दोहद कशावरून आला, याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले आयुर्वेदाचे आणि आपल्या आवडीचे: गर्भवतीच्या ठायी दोन हृदये असतात, एक तिचे आणि एक गर्भाचे, म्हणून ती 'द्विहृदया'. दुसरे उत्तर मोनिअर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशात मिळते. त्यांच्या मते दोहद हे बहुधा 'दौर्हृद' या शब्दाचे प्राकृत रूप असावे; दौर्हृद म्हणजे हृदयाचा बिघाड, मळमळ. यांतली कोणती व्युत्पत्ती खरी, याचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. मला लक्षणीय वाटते ते हे, की एका शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी उभे असताना आपण त्यांतला गोड तेवढा उचलला. दोन हृदयांची कल्पना कीर्तनातून, पाळण्यांतून आणि निमंत्रणपत्रिकांतून घरोघर गेली. मळमळ कोशातच राहिली.

प्राचीनांना त्रास ठाऊक नव्हता असे मात्र मुळीच नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेची लक्षणे सांगताना तोंडाला पाणी सुटणे, अन्नाची इच्छा नसणे, ओकारी, अरुची आणि आंबटाची ओढ ही सारी एका दमात मोजली आहेत. कालिदासाने रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणी रंगवली, ती थकव्यामुळे सगळे दागिनेही घालू न शकणारी, लोध्राच्या फुलासारखी फिकट पडलेली अशी. तिची इच्छा काय आहे, हे दिलीप राजा तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो, कारण ती लाजून स्वतः सांगत नाही. पुढे ती या अवस्थेतून हळूहळू बाहेर येते, तेव्हा कवी 'दोहदव्यथा' असा नेमका शब्द वापरतो. व्यथा! आपल्या डोहाळ्यांच्या गाण्यांत हा शब्द किती वेळा ऐकू येतो?

पण त्याच परंपरेत एक मेखही आहे. सुश्रुत सांगतो, की गर्भिणीची इच्छा डावलली तर मूल कुबडे, लंगडे, ठेंगणे निपजते. म्हणजे इच्छा पुरवायची ती तिची म्हणून नव्हे, गर्भाची म्हणून. ती केवळ त्या इच्छेचे तोंड. जिजाऊंना शस्त्रांचे आणि गडांचे डोहाळे लागले, असे आपण पोवाड्यांतून ऐकतो तेव्हाही आपले लक्ष जिजाऊंकडे नसते. ते पोटातल्या शिवबाकडे असते. आता मळमळीचा विचार करा. ती कोणत्याही भावी पराक्रमाची सूचना देत नाही. ती निव्वळ त्या बाईची असते. म्हणून तिला गाणे मिळाले नाही.

अमेरिकन संस्कृतज्ञ मॉरिस ब्लूमफिल्ड यांनी १९२० साली भारतीय कथांमधल्या डोहाळ्यांवर एक स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांची वर्गवारी बोलकी आहे. कथांतले डोहाळे नवऱ्याला संकटात घालतात, त्याच्या शौर्याला किंवा चातुर्याला निमित्त पुरवतात, धर्मकृत्याकडे नेतात, नुसते अलंकार म्हणून येतात, कधी बाईने रचलेले ढोंग असतात, आणि कधी तिला फसवून शमवले जातात. या सहांपैकी एकाही वर्गात बाईला प्रत्यक्ष काय होत होते, हा प्रश्न नाही.

आणि सीता? विदर्भाच्या भवभूतीने उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात हा प्रसंग लिहिला आहे. गर्भवती सीतेची प्रत्येक इच्छा ताबडतोब पुरवावी, असा वडीलधाऱ्यांचा निरोप येतो. चित्रे पाहता पाहता तिला पुन्हा वनात जाऊन भागीरथीत स्नान करावेसे वाटते. राम लगेच रथ सज्ज करायला सांगतो, आणि तेव्हा त्याच्या मनात खोट नसते. थोड्याच वेळात लोकापवादाची बातमी येते, आणि डोहाळे पुरवण्यासाठी मागवलेला तोच रथ तिला टाकून येण्यासाठी वापरला जातो. इच्छा विचारणे आणि माणसाची काळजी घेणे यांत किती अंतर असू शकते, हे याहून कठोरपणे कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही.

आता आजचे वैद्यकशास्त्र काय सांगते ते पाहू. दहांतल्या सात-आठ गर्भवतींना मळमळ किंवा उलट्यांचा त्रास होतो. तो साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो, नवव्याच्या सुमारास शिगेला पोचतो आणि बहुतेकींच्या बाबतीत चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतो. तो फक्त सकाळचा असतो हाही गैरसमजच. दिवसाच्या कोणत्याही प्रहरी तो गाठतो. शंभरात एखाद-दोघींची अवस्था मात्र इतकी बिकट होते, की पाणीही टिकत नाही आणि शिरेतून सलाईन द्यावे लागते. विसाव्या शतकात मनोविश्लेषकांच्या एका पंथाने या उलट्यांचा अर्थ 'बाईला मूल नको आहे' असा लावला होता. आपल्या आजीबाईंचे 'थेरं आहेत सगळी' हे त्याचेच घरगुती भाषांतर म्हणायला हरकत नाही.

या दोन्ही मतांना डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने चोख उत्तर दिले. जीडीएफ-१५ नावाचे एक संप्रेरक गर्भ आणि वार मोठ्या प्रमाणात आईच्या रक्तात सोडतात. गर्भधारणेपूर्वी जिच्या रक्तात ते कमी होते, तिला त्याची सवय नसते आणि तिला त्रास अधिक होतो. थॅलसेमियामुळे ज्यांच्या रक्तात ते मुळातच जास्त असते, अशा स्त्रियांना मळमळ क्वचितच होते. या संशोधनातल्या एक अग्रणी मार्लेना फेझो यांनी स्वतः १९९९ साली याच विकाराच्या तीव्र स्वरूपात आपला गर्भ गमावला होता. गंमत अशी, की त्या दोन व्युत्पत्ती इथे एकत्र येतात. दुसरा जीव आत आहे म्हणूनच पहिल्याचे हृदय बिघडते.

मग उपाय? थोडे थोडे, पण वारंवार खावे. पोट रिकामे ठेवू नये. उठल्याबरोबर कोरडे काहीतरी तोंडात टाकावे. गरम अन्नापेक्षा गार अन्नाला वास कमी, म्हणून ते अधिक सोसते. आल्याचा काहींना उपयोग होतो. याने भागले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घेण्यासारखी औषधे आहेत. डॉक्सिलामाइन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची जोडगोळी दीर्घ वापराने सुरक्षित ठरली आहे. औषधांविषयीची भीती मात्र निराधार नव्हती. १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड हे औषध मळमळीवरही दिले गेले आणि जगभर दहा हजारांहून अधिक मुले व्यंग घेऊन जन्मली. पण त्या धड्यातून औषधांची चाचणी कडक झाली. बाईने निमूट सोसावे, असा तो धडा नव्हता. दिवसभर पाणी टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, वजन उतरत असेल, उठताना अंधारी येत असेल, तर 'पहिलटकरणीला असे व्हायचेच' म्हणून घरी बसणे धोक्याचे आहे.

डोहाळ्यांनाही असेच डोळसपणे पाहायला हवे. चिंच-कैरी मागितली तर आनंदाने द्यावी. पण माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटू लागले, तर ते कौतुकाचे नव्हे. या ओढीचा लोहाच्या कमतरतेशी संबंध असतो. सुदक्षिणेच्या तोंडाला मातीचा वास येत होता आणि दिलीप तो पुन्हा पुन्हा हुंगत होता, असे कालिदास सांगतो. कवीला त्यात भावी चक्रवर्ती पृथ्वीचा उपभोग घेताना दिसला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयी आढळल्या. त्या पाहणीनंतर तो श्लोक वाचताना मला तिच्या फिकट चेहऱ्याची आठवण आधी होते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. पहिले तीन महिने गुपित ठेवण्यात शहाणपण नाही का? बहुतेक गर्भपात याच काळात होतात. आधीच गाजावाजा केला आणि मग काही विपरीत घडले, तर त्या बाईला दुःखाबरोबर गावभरच्या चौकशाही सोसाव्या लागतात. हे खरे आहे. आपल्या पूर्वजणींनी यावर एक सुंदर तोड काढली होती: चोरओटी. बातमी फुटू न देता, घरातल्या चार बायकांनी मिळून गुपचूप भरलेली ओटी. मला या रिवाजातला 'चोर' महत्त्वाचा वाटत नाही, 'चार बायका' महत्त्वाच्या वाटतात. गुपित म्हणजे एकटेपण नव्हे, हे त्यांना कळले होते. आज दोन खोल्यांच्या घरात ती आणि तो दोघेच असतात, आणि गुपित राखता राखता ती खरोखरच एकटी पडते. लोकलच्या गर्दीत, कार्यालयाच्या प्रसाधनगृहात ती तोंडावर रुमाल धरून उभी असते. पोट दिसत नसल्यामुळे बसायला जागाही कोणी देत नाही.

कायद्याची नजरही पोटावरच आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने घातलेली चौकट २०१७ मध्ये २६ आठवड्यांपर्यंत वाढली, पण त्यांतले प्रसूतीपूर्वी घेता येतात ते जास्तीत जास्त आठच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच मांडणी ठेवली. गर्भारपणातल्या आजारासाठी एक महिन्याची जादा रजा आहे खरी; पण तिला पुरावा लागतो, आणि मागायची तर गुपित फोडावे लागते. सर्वांत खडतर दिवस कायद्याच्या लेखी जवळजवळ नाहीतच. आणि ही झाली नोकरदार बाईची कथा. पालीची मासळी विकणारी बाई कोणाकडे रजा मागणार? तिने पाटी उचलली नाही, तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. पाटी घेऊन वळणावळणाच्या रस्त्याने बस किंवा रिक्षाने भाईंदर गाठायचे, बाजारात बसायचे, आणि ज्या वासाने जीव घाबरा होतो तोच वास गिऱ्हाइकापुढे 'ताजा' म्हणून धरायचा. डोहाळ्यांच्या कोणत्या गाण्यात हा महिना मोजला आहे?

डोहाळजेवण बंद करा, असे मी म्हणत नाही. सातव्या महिन्यातला तो आनंद खरा असतो आणि बाळंतपणाच्या भीतीपुढे त्याची गरजही असते. माझे म्हणणे इतकेच, की आपला प्रश्न पाच महिने उशिरा येतो आणि चुकीचा येतो. 'तुला काय खावेसे वाटते?' हे आपण तिला खाता येऊ लागल्यावर विचारतो. दुसऱ्या महिन्यात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: 'तुला काय सोसत नाही?' त्याचे उत्तर ऐकले तर मग कामे नेमकी सापडतात. फोडणी दुसऱ्या कोणी घालायची असते, ओट्याजवळची खिडकी उघडायची असते, कामाची पाळी बदलून द्यायची असते, डॉक्टरांकडे सोबत जायचे असते. यांतली बहुतेक कामे पुरुषांना येतात, आणि त्यांना फुलांचे दागिने लागत नाहीत.

पालीच्या किनाऱ्यावर तर हे काम आणखी साधे आहे. काही आठवडे वलांडीवरचे बोंबील दुसऱ्या कोणी काढावेत, पाटी दुसऱ्या कोणी उचलावी, आणि का म्हणून तिला चारचौघांत विचारू नये.