गझालीवर खुनाचा आळ

‘गझालीने इस्लामी तत्त्वज्ञान मारलं’ हे वाक्य मला निव्वळ आळशी वाटतं. त्याने १०९५च्या सुमारास तत्त्वज्ञांचे २० सिद्धांत खोडायला घेतले. कुफ्र ठरवले फक्त ३: जग अनादी आहे, अल्लाहला एकेक घटना स्वतंत्रपणे कळत नाही, मेलेला देह पुन्हा उठणार नाही. तर्कशास्त्र मात्र त्याने टाकलं नाही, उलट वापरलं. पुढे कोर्डोबाचा काझी इब्न रुश्द याने त्याला ग्रंथभर उत्तर दिलं. सृष्टीचा विचार करा असं कुराणच सांगतं, म्हणून तत्त्वज्ञान हे कर्तव्य ठरतं, असं त्याने शरियतच्याच भाषेत मांडलं. १७व्या शतकात इराणात मुल्ला सद्रा लिहीतच होता. दैवी संदेश आणि बुद्धी यांचं भांडण खरं होतं. पण भांडण जिवंत माणसांशीच होतं. मयत जाहीर करणाऱ्यांनी आधी नाडी तरी बघावी.