पिकअपच्या इंजिनाचा भरवसा कशावर?

शेतात माल पिकविणे हे जसे शेतकऱ्याचे काम, तसेच तो माल योग्य वेळी बाजारात पोहोचविणे हेही आता बऱ्याच अंशी त्याचेच काम झाले आहे. नारायणगावचा टोमॅटो असो, पिंपळगाव बसवंतची द्राक्षे असोत वा आंबा घाट चढून कोल्हापुरास जाणारा रत्नागिरीचा हापूस असो. हा सारा माल नाशवंत आहे. लिलावाची वेळ चुकली की भाव उतरतो, आणि एक दिवस चुकला की मालच उतरतो. यास्तव अनेक गावांतून शेतकऱ्यांनी कर्ज काढून स्वतःच्या पिकअप गाड्या घेतल्या आहेत. या गाड्यांतून बहुधा टर्बो-डिझेल इंजिन असते. असे इंजिन भर हंगामात घाटात बंद पडले, तर गाडीचा हप्ता आणि गाडीतील माल या दोहोंचा भार एकाच संसारावर पडतो. म्हणून इंजिनाच्या निवडीचा व निगेचा विचार बियाण्याच्या किंवा खताच्या विचाराइतकाच काळजीपूर्वक होणे अगत्याचे आहे. आज तसा तो होत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

गाडी घेताना बहुतेकांची दृष्टी अश्वशक्तीच्या आकड्यावर खिळते. हा आकडा खोटा नसतो. परंतु तो इंजिन भरधाव फिरत असतानाचा असतो. एखाद्या इंजिनाच्या माहितीपत्रकात ३,२०० फेऱ्यांना ५२ किलोवॅट, म्हणजे सुमारे ७० अश्वशक्ती, आणि १,४०० ते २,२०० फेऱ्यांच्या दरम्यान २०० न्यूटन-मीटर टॉर्क, असे लिहिले आहे असे समजू. टॉर्क म्हणजे इंजिनाच्या दांड्याला मिळणारा पीळ. भरलेली गाडी चिखलातून उचलण्यास व चढावर नेण्यास हा पीळच उपयोगी पडतो. टॉर्कला फेऱ्यांनी गुणून ९,५५० ने भागले असता किलोवॅट निघतात. या हिशेबाने वरील इंजिन १,४०० फेऱ्यांना सुमारे २९ किलोवॅट शक्ती देते. तेच इंजिन ३,२०० फेऱ्यांवर शक्ती अधिक देते खरे, परंतु तेथे त्याचा पीळ १५५ न्यूटन-मीटरवर उतरलेला असतो. सबब शेतमालाच्या वाहतुकीसाठी गाडी पाहताना पूर्ण टॉर्क किती कमी फेऱ्यांवर मिळू लागतो व तो कोठवर टिकतो, हे प्रथम विचारावे. अश्वशक्ती त्यानंतर विचारावी.

लहान इंजिनाला एवढे बळ येते ते टर्बोचार्जरमुळे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो. त्याच दांड्यावरील दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. हवा अधिक मिळाली की डिझेलही अधिक व चांगले जळते. स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्येच घेतले होते. मात्र ही दोन चक्रे मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेतात आणि त्यांचा दांडा वंगण तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत फिरतो. तेल जुने, कमी वा हलक्या प्रतीचे असेल, तर हा थर तुटतो व टर्बो निकामी होतो. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवून इंजिन बंद करण्याची सवयही अशीच घातक आहे. तेलाचा प्रवाह थांबतो, दांडा मात्र तापलेलाच राहतो, आणि त्या उष्णतेने उरलेले तेल करपून कोळसा धरते. यासाठी गाडी थांबविल्यावर एक-दोन मिनिटे, आणि सुरू केल्यावर अर्धे मिनिट, इंजिन संथ चालू ठेवावे. यास जेमतेम चमचाभर डिझेल लागते; नवा टर्बो मात्र हजारो रुपयांस पडतो.

दुसरा शत्रू धूळ होय. एक लिटर डिझेल जळण्यास सुमारे १२ किलो, म्हणजे जवळजवळ १०,००० लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहूनही अधिक हवा घेते. पाणंद रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीत ही सर्व हवा धुळीने भरलेली असते. हवेचा फिल्टर फाटलेला असेल, किंवा टर्बोकडे जाणारा रबरी पाइप सैल असेल, तर ही धूळ टर्बोची पाती, पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर झिजविते. शहरातील गाडीसाठी लिहिलेले वेळापत्रक अशा गाडीस पुरेसे नाही. धुळीच्या रस्त्यावर फिल्टर निम्म्या मुदतीतच तपासावा आणि तो आपटून साफ करू नये.

तिसरी गोष्ट डिझेलची. जुन्या इंजिनाचा नोझल साधारणतः दोन-अडीचशे बार दाबावर उघडत असे. आजच्या कॉमन रेल पद्धतीत हा दाब १,६०० बार व त्याहूनही वर जातो. इंजेक्टरमधील फटी केसाहून कितीतरी बारीक असतात. पिंपात साठविलेल्या डिझेलात उतरलेले थोडेसे पाणी, किंवा काटकसर म्हणून मिसळलेले रॉकेल, यांनी त्यातील वंगणगुण नाहीसा होतो व इंजेक्टर खरवडला जातो. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी नियमाने काढणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पावसाळ्यात तर त्यास पर्याय नाही.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहा ही प्रदूषण मर्यादा लागू झाली आणि डिझेलातील गंधकाचे प्रमाण दशलक्षास ५० भागांवरून १० भागांवर आले. नव्या गाड्यांतून काजळी अडविणारी गाळणी आली. ही काजळी जळून जाण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. रोज गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत ती उष्णता निर्माणच होत नाही; गाळणी तुंबते व इंजिन आपली शक्ती आपणच कमी करून घेते. पुष्कळ शेतकरी यास इंजिनाचा दोष समजतात. वास्तविक आठवड्यातून एखादा लांबचा, सलग वेगाचा फेरा हाच यावरील साधा उपाय होय. सूचनादिवा लागल्यावर मात्र अधिकृत सेवाकेंद्र गाठावे. गाळणी काढून टाकण्याचा सल्ला देणाऱ्याचे ऐकू नये. तसे करणे बेकायदेशीर आहे.

काही गाड्यांना डिझेलखेरीज युरियाचे द्रावणही लागते. त्यात अतिशुद्ध युरिया ३२.५ टक्के असतो. पोत्यातील खताचा युरिया पाण्यात विरघळवून तो टाकीत ओतण्याचा मोह कोणीही धरू नये. खताच्या युरियास निंबोळी तेलाचे आवरण असते व त्यातील अशुद्ध अंश यंत्रणा तुंबवितात. शिवाय १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार खताचा वापर शेतीखेरीज अन्य कामास, पूर्वपरवानगीवाचून, करता येत नाही. पिकाच्या तोंडचा घास गाडीस घालून दोन्हींचे नुकसान करण्यात शहाणपण नाही.

या सर्वांहून मोठा शत्रू जादा वजन हा आहे. भरलेल्या गाडीचे एकूण वजन तीन टनांवरून चार टनांवर नेले, तर चढावर त्याच वेगाने जाण्यास जवळजवळ एक तृतीयांश अधिक शक्ती लागते. उतारावर तेच वजन ब्रेकवर येते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड ठरविला आहे. दोन खेपांचा माल एका खेपेत नेऊन वाचविलेले डिझेल या हिशेबात कोठेच बसत नाही.

जुनी साधी इंजिने बरी होती, गावचा मिस्त्री ती झाडाखाली उघडून दुरुस्त करी, असे म्हणणारे अनुभवी लोक आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. नवे इंजिन कमी धूर सोडते व थोड्या इंधनात अधिक ओढते, पण ते हयगय सहन करीत नाही. म्हणूनच गाडी विकणाऱ्यांवरही कर्तव्य येते. निगेची पुस्तिका स्वच्छ मराठीत असावी, काजळीच्या गाळणीची गोष्ट विक्रीपूर्वी सांगितली जावी, आणि सेवाकेंद्र तालुक्याच्या ठिकाणी तरी असावे. ज्या कंपनीचे सेवाकेंद्र ८० किलोमीटर दूर आहे, तिचे इंजिन कागदावर कितीही सरस असले तरी त्या गावासाठी ते भरवशाचे म्हणता येणार नाही.

ज्यांची वर्षाकाठी थोडीच वाहतूक होते, त्यांनी स्वतंत्र गाडीचे कर्ज डोक्यावर घेण्यापूर्वी शेजाऱ्यांसह किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत एकच गाडी घेण्याचा विचार अवश्य करावा. सामाईक गाडी अधिक धावते, तिची काजळी साचत नाही आणि खर्च वाटला जातो. मात्र तिचा चालक एकच व जबाबदार असावा.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा मानू नये. माती परीक्षणाची पत्रिका शेतकऱ्याने जपावी असा आग्रह ते धरतात; तसाच आग्रह गाडीच्या नोंदवहीसाठी धरावा. तेल कधी बदलले, फिल्टर कधी पाहिला, पाणी कधी काढले आणि प्रत्येक खेपेस वजन किती होते, एवढ्या चार नोंदी पुरेत. हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील गाड्या एके ठिकाणी बोलावून जाणत्या मिस्त्रीकडून त्यांची तपासणी करवून घेतली, तर ऐन काढणीच्या दिवसांत होणारे पुष्कळ नुकसान टळेल. पेरणीपूर्वी तिफण तपासून घेणाऱ्या शेतकऱ्यास ही शिस्त नवी नाही. ती तिफणीवरून गाडीवर आणावयाची आहे, इतकेच.