विकायची नसलेली जमीन

भिवंडीत पाहुणा आला की त्याला दाखवायचे काय, हा प्रश्न आम्हा भिवंडीकरांना नेहमी पडतो. यंत्रमागांची खडखड त्याने रस्त्यातच ऐकलेली असते. मग संध्याकाळी त्याला वऱ्हाळदेवी तलावावर न्यायचे. देवळात हात जोडायचे, काठावर घटकाभर बसायचे, वारा अंगावर घ्यायचा. पाहुणा म्हणतो, "अरे वा, तुमच्या भिवंडीत असेही काही आहे तर!" त्या 'असेही'मधला टोमणा आम्ही निमूट गिळतो, कारण तो खोटा नाही.

मोकळ्या जागा गेल्या कुठे? उत्तर शोधायला मला लांब जावे लागत नाही, ते माझ्या घरातच आहे. खाडीच्या अंगाला आमची दीड एकर भातशेती होती. बांधावर दोन चिंचा, कोपऱ्यात पावसाळ्यात भरणारे डबके, त्यात उभे बगळे. २००८ साली आम्ही ती विकली. आज तिथे गोदाम आहे. त्या पैशात धाकट्या बहिणीचे लग्न झाले, वडिलांचे ऑपरेशन झाले. दोष कोणाला द्यायचा? घेणाऱ्याने रोख मोजले. 'विकू नका, आहे तशी ठेवा, आम्ही त्याचे काही देऊ' असे म्हणणारा मात्र दारात कोणी आला नाही.

आमच्यासारखी घरे तालुक्यात किती तरी. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईच्या दाराशी आणि नाशिकच्या महामार्गावर, म्हणून इथे गोदामे आली. २०१७ साली जकात गेली, गोदामे मात्र वाढतच राहिली. आता घरबसल्या मागवलेली वस्तू ठाण्या-मुंबईच्या दारात पोचते, ती बहुधा आमच्याकडच्या एखाद्या पत्र्याच्या छपराखालून निघालेली असते. पोटापाण्याचा धंदा आहे, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण गोदामाला भराव लागतो, भरावाला मुरूम लागतो, आणि मुरूम टेकडीतून येतो. खाली शेत बुजते, वर टेकडी झिजते.

दारात न आलेला तो माणूस दुसऱ्या देशांत १३० वर्षांपूर्वीच आला होता. १८९५ साली इंग्लंडमध्ये ऑक्टेव्हिया हिल ही समाजसेविका, रॉबर्ट हंटर हा वकील आणि हार्डविक रॉन्स्ली हा पाद्री या तिघांनी नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. पहिली जमीन एका बाईने दान दिली, वेल्समधला समुद्राकाठचा साडेचार एकरांचा उतार. १९०७ साली पार्लमेंटने कायदा करून ट्रस्टला एक अधिकार दिला: आपली जमीन 'कधीही न विकण्याची' म्हणून जाहीर करण्याचा. आज त्या संस्थेचे पन्नास लाखांहून अधिक सभासद आहेत. अमेरिकेत तर गावोगावी असे छोटे ट्रस्ट आहेत. सुट्टीच्या दिवशी शिक्षक, कारकून, निवृत्त मंडळी जाऊन पायवाटा साफ करतात, कुंपणे दुरुस्त करतात.

मग आपणही वर्गणी काढून एखादी टेकडी विकत घ्यावी, असे वाटते. इथेच पहिली ठेच लागते. महाराष्ट्रात १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. जमीन कसणाऱ्याच्या हातून सावकाराकडे जाऊ नये, हा त्यामागचा हेतू योग्यच होता. पण १९९४ च्या दुरुस्तीने उद्योगासाठी शेतजमीन घेण्याची वाट काही अटींवर मोकळी केली. म्हणजे कारखाना उभारायचा असेल तर वाट आहे, झाडे तशीच ठेवायची असतील तर ती अडचणीची! शिवाय विश्वस्त संस्थेची जमीनही आपल्याकडे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीने विकता येते. 'कधीही न विकण्याची' हा शिक्का मारायची सोय त्या कायद्यात नाही.

तो शिक्का आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्या रीतीने मारला होता. कोकणात आणि सह्याद्रीत त्याला देवराई म्हणतात. देवाची म्हणून फांदीही तोडायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या राया अभ्यासल्या आणि त्यांचे मोल जगापुढे मांडले. देवाचा धाक आता ओसरला. त्याच्या जागी काय ठेवायचे?

एक उत्तर रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वर तालुक्यात सापडते. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था तिथे खासगी रानांच्या मालकांशी करार करते. जमीन मालकाचीच राहते. ठरलेल्या मुदतीत त्याने झाडे तोडायची नाहीत आणि त्याबद्दल त्याला मोबदला मिळतो. खरेदीखत नाही, म्हणून ६३ व्या कलमाचा अडथळाही नाही. असा कागद २००८ साली आमच्यापुढे आला असता तर आम्ही सही केली असती का? ऑपरेशनचा खर्च पाहता खात्रीने सांगत नाही. निदान घरात त्यावर चर्चा झाली असती, तीही झाली नाही.

आणि जी जमीन मुळातच सर्वांची आहे, ती तर विकतही घ्यायची नाही, फक्त राखायची आहे. गायराने, तळी, खाडीची कांदळवने. गावाच्या तळ्यांवरची अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २०११ साली सर्व राज्यांना बजावले आहे. कांदळवनांची तोड उच्च न्यायालयाने २००५ सालीच थांबवली. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावाला स्वतःची नोंदवही आणि समिती दिली. त्याच कायद्याने २०२१ साली आंबोलीच्या महादेव मंदिराजवळचा परिसर, तिथल्या इवल्याशा 'हिरण्यकेशी' माशासाठी, वारसास्थळ ठरला. कायदे आहेत, ते घेऊन तलाठ्याच्या दारी वारंवार जाणारी माणसे नाहीत.

भिवंडीला हवी आहेत ती अशी दहा-बारा माणसे. पैसे नकोत, रविवार हवेत. गावनकाशा काढायचा, तळी आणि गायरानांचे सर्व्हे नंबर उतरवून घ्यायचे, प्रत्यक्ष जाऊन पाहायचे, ग्रामसभेत किंवा महापालिकेत लेखी हरकत नोंदवायची आणि पुढल्या वर्षी पुन्हा पाहायचे. कंटाळवाणे काम आहे. पण जमीन एका रात्रीत जात नाही. कोणी पाहत नाही, हे कळल्यावर ती टोपली-टोपली भरावाने जाते.

आमची दीड एकर परत येणार नाही. सुरुवात म्हणून मी वऱ्हाळदेवी तलावाचा सर्व्हे नंबर शोधायला घेतला आहे.